नियमांचा आशय

१

व्हिडिओ गेम या वस्तूविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचे सूर प्रायः दोनच असतात. एक सूर घरातल्या वडीलधाऱ्यांचा : मुलांचे डोळे जातात, अभ्यास बुडतो, जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही. दुसरा सूर बाजाराचा : नवा खेळ आला आहे, चित्रे खरीच वाटावीत अशी आहेत, तास चाळीस पुरेल, दहापैकी नऊ गुण. पहिला सूर खेळाकडे न पाहताच बोलतो. दुसरा पाहतो खरा, पण गिऱ्हाइकाच्या नजरेने. या दोहोंच्या मध्ये जी जागा रिकामी पडली आहे, ती समीक्षेची. मराठीत तर ती इतकी रिकामी आहे की तेथे कोणी बसायला हवे होते, याचीही आठवण आपल्याला राहिलेली नाही.

चित्राला अमुक गुण, ध्वनीला अमुक, कथेला अमुक आणि शेवटी त्यांची बेरीज, ही परीक्षणाची रीत मला मुळातच चुकीची वाटते. कादंबरीचे परीक्षण करताना छपाईला दोन, कथानकाला तीन आणि निसर्गवर्णनाला दीड असे गुण देऊन कोणी निकाल लावू लागला, तर आपण त्याला हसू. खेळांच्या बाबतीत मात्र आपण ते निमूटपणे वाचतो. त्यातून या खेळांचे प्रकार किती ! चौकोन रचण्याचा खेळ, उड्या मारण्याचा खेळ, साम्राज्य उभारण्याचा खेळ, गोष्ट सांगणारा खेळ. या सर्वांना एकच गुणपत्रिका लावणे म्हणजे अभंग, फार्स आणि प्रवासवर्णन यांना एकाच तागडीत घालणे होय. मग या भिन्न प्रकारांना लावता येईल असे समान माप कोणतेच नाही काय ? आहे, असे मला वाटते. ते कोणते हे सांगून काही खेळांवर पारखून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील प्रसिद्ध चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली व्हिडिओ गेम ही कधीही कला होऊ शकणार नाही, असा निर्णय दिला आणि मोठा गदारोळ उडाला. पुढे २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘टेट्रिस’, ‘पॅक-मॅन’ आदी चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, तेव्हा दुसऱ्या पक्षाला आपला विजय झाल्यासारखे वाटले. वस्तुतः संग्रहालयाच्या दारातून आत गेल्याने कोणतीही वस्तू कला होत नाही आणि बाहेर राहिल्याने कलेला मुकतही नाही. परंतु ईबर्ट यांचा एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. खेळाला नियम असतात, गुण असतात, उद्दिष्ट असते. खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी बोट बरोबर जागी ठेवले. फरक एवढाच, की ज्याला ते खेळाचे वैगुण्य समजले, तेच खेळाचे माध्यम आहे.

२

प्रत्येक कलेचे माध्यम कोणते, हा प्रश्न मराठीत मर्ढेकरांनी जितक्या चिकाटीने विचारला तितका क्वचितच कोणी विचारला असेल. चित्राला रंग आणि रेषा, संगीताला स्वर, साहित्याला भावनात्मक अर्थ. मर्ढेकरांचे सगळे सिद्धान्त मान्य करावेत असे नाही. पण प्रश्न विचारण्याची ही शिस्त घेण्यासारखी आहे. खेळाचे माध्यम कोणते ? पडद्यावरचे चित्र नव्हे. ते चित्रपटापाशीही आहे. कथा नव्हे, ती कादंबरीपाशी आहे. खेळापाशीच असलेली गोष्ट म्हणजे खेळणाराची कृती, आणि तीही नियमाने बांधलेली कृती. गवयाला चीज मिळते आणि तिच्या बंधनात राहून तो ती मांडतो. खेळणारालाही नियम मिळतात आणि त्यांच्या बंधनात तो वागतो. पण गवयाच्या समोर श्रोता बसलेला असतो. येथे मांडणारा आणि ऐकणारा एकच. माझ्याच करणीतून माझ्यापर्यंत काही पोचायचे, ही या माध्यमाची अट आहे.

नियमांना अर्थ असतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट घ्या. त्यात शिड्या सद्‍गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. कोणत्या घरात साप आहे, तो किती लांब आहे आणि कोठे नेऊन टाकतो, यात एक संपूर्ण नीतिविचार मांडलेला आहे. त्यासाठी निरूपणकाराची गरज नाही. मात्र तेथे कवड्यांचे दान पडेल तसे जायचे. खेळणाराला निवड नाही. त्यामुळे मोक्षपट कर्मविचार शिकवतो, पण कर्म करू देत नाही.

अंगणातल्या मुलांना तर नियमांची समीक्षा उपजतच येत असे. हरू लागताच नियम वाकवणाऱ्याच्या डावाला त्यांनी ‘रडीचा डाव’ म्हटले. धाकट्याला खेळता यावे पण त्याच्यावर डाव येऊ नये, म्हणून ‘कच्चा लिंबू’ केला. हा तर नियमात बसवलेला वात्सल्याचा कायदाच. आणि ज्याच्यावर शोधण्याची, धापा टाकण्याची पाळी आली त्याच्यावर ‘राज्य’ आले, असे म्हणण्यात जो उपहास आहे, तो एखाद्या राजनीतीच्या ग्रंथाला शोभेल.

तेव्हा कोणताही खेळ समोर आला की मी तीन प्रश्न विचारतो. हा खेळ मला काय करायला लावतो ? काय करू देत नाही ? आणि जे केले त्यातून काही अर्थ निघतो, की अर्थ दुसरीकडे आणि हात दुसरीकडे अशी फारकत होते ?

३

सर्वांत साधा खेळ प्रथम घेऊ. मॉस्कोच्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली ‘टेट्रिस’ तयार केला. ज्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ यंत्रावर तो बनला त्यावर चित्रे काढण्याची सोयही नव्हती. कंसाची चिन्हे जोडून त्यांनी चौकोन दाखवले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून एकेक करून पडतात. ते फिरवून, सरकवून खाली रचायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. गती वाढत जाते आणि रचलेला ढीग माथ्याला टेकला की डाव संपतो.

कथा नाही, पात्रे नाहीत. पण नियम काय सांगतो ते पाहा. जे नीट जुळले ते नाहीसे होते. जे चुकले तेवढेच पडद्यावर उरते. आपले यश दिसत नाही, आपल्या चुकांचा ढीग मात्र क्षणोक्षणी वर चढत असतो, आणि वरून येणारे तर थांबत नाही. सागरगोटे खेळताना हाताला जी लय लागते ती येथेही लागते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल या तिन्ही लयी हा खेळ केवळ आकार आणि वेळ यांच्या बळावर उभ्या करतो. आणि हा डाव मुळात जिंकण्याचा नाहीच. तो फक्त लांबवता येतो. १९८९ च्या निन्टेंडो आवृत्तीवर २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका किशोरवयीन मुलाने इतकी मजल मारली, की आतली आज्ञावलीच गोठून पडली. तेथेही यंत्र थकले. डावाला विजयाचा असा शेवट मिळाला नाही. खेळ जिंकता येतो म्हणून ती कला नव्हे, या युक्तिवादाला हा पन्नाशीकडे निघालेला खेळ परस्पर उत्तर देतो.

आता त्याच जातीचा दुसरा खेळ. ‘कँडी क्रश सागा’ हा २०१२ सालचा. रंगीत गोळ्या तीन-तीन जुळवून फोडायच्या. हाताला सुख आहे, डोळ्याला रंग आहेत. पण येथे पाच ‘प्राण’ मिळतात. एकेक हुकलेला डाव एकेक प्राण घेतो, आणि गेलेला प्राण परत यायला अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे द्या. म्हणजे थांबणे हा नियम आणि पैसा हा त्यावरचा उतारा. ‘टेट्रिस’मध्ये मी अडलो तर माझ्या हाताने अडतो. येथे मी कोठे अडावे आणि अडल्यावर किती अस्वस्थ व्हावे, याचा हिशेब कोणीतरी आधीच मांडून ठेवलेला असतो. अंगणातली मुले याला रडीचा डाव म्हणाली असती. फक्त येथे रडी खेळतो तो भिडू नव्हे, खुद्द पट मांडणारा. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आणि त्यात ई-स्पोर्ट्स व अन्य खेळ निराळे काढले. ‘कँडी क्रश’ त्या बंदीत बसत नाही, कारण तेथे पैसे लावून पैसे मिळवायचे नसतात. पण खेळाखेळांत भेद करावे लागतात, हे कायद्याला कळले आणि समीक्षेला अजून कळायचे आहे, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

४

नियम कधी गुरू होतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या खेळाचा पहिला टप्पा त्याचे उत्तम उदाहरण आहे. एक शब्दही न बोलता, शत्रू कोठे ठेवला आणि विटा किती उंचीवर ठेवल्या एवढ्यावरून तो उडीचे व्याकरण शिकवतो. या खेळाविषयी बरेच लिहून झाले आहे. मला अधिक बोलायचे आहे ते नियम विचारसरणी कसा होतो याविषयी.

सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी सुरू होतो. वसाहतकऱ्यांच्या पहिल्या तुकडीपासून नगरे वसवायची, शोध लावायचे, सैन्य उभारायचे. त्या पहिल्या आवृत्तीत जिंकण्याचे मार्ग दोन : सगळ्यांना जिंका, नाही तर सगळ्यांच्या आधी दूरच्या ताऱ्याकडे यान धाडा. हा खेळ मोहक आहे यात वाद नाही. ‘आणखी एकच खेळी’ म्हणता म्हणता पहाट कशी होते, हे मी पुरते अनुभवले आहे. पण त्याचे नियम नीट वाचा. इतिहास ही शोधांची एक शिडी आहे आणि सर्व मानवजात तीच शिडी चढते. भूमी म्हणजे वसवण्याची जागा. जे आधीपासून तेथे आहेत ते एक तर ‘रानटी’, नाही तर प्रतिस्पर्धी.

भारतीय पक्षाचा नेता म्हणून त्यात गांधीजी आहेत. या गांधींविषयी एक आख्यायिका फार पसरली : आज्ञावलीतल्या अंकगणिताच्या चुकीने त्यांची आक्रमकता शून्याखाली जाऊन एकदम कळसाला पोचे आणि ते अणुबॉम्ब टाकीत सुटत. मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही गोष्ट खरी नसल्याचे सांगितले. मात्र २०१० च्या पाचव्या आवृत्तीत रचनाकारांनी ती थट्टा मुद्दाम खरी करून ठेवली होती. भारतीय वाचक या थट्टेवर रागावतो. मला राग त्याचा येत नाही. मला जाणवते ते दुसरेच. त्या मूळ खेळात नगरातली असंतुष्ट माणसे संख्येने वाढली की ‘अव्यवस्था’ माजते आणि उत्पादन थांबते. उपाय काय, तर मंदिर बांधा, चैनीवर अधिक खर्च करा, काही राजवटींत शिपाई आणून बसवा. जनतेचा असहकार सिंहासनावरून जसा दिसतो नेमका तसाच येथे दिसतो : एक बिघाड. मीठ उचलण्याची कळ या खेळात नाही, कारण खेळणाऱ्यावर सदैव राज्यच आलेले आहे. आणि अंगणातल्या ‘राज्या’तला तो उपहास येथे औषधालाही नाही. गांधींचे चित्र आत घेतले, पण गांधी ज्या कृतीमुळे गांधी झाले त्या कृतीला नियमात जागा नाही. अणुबॉम्बच्या थट्टेपेक्षा ही अनुपस्थिती मला अधिक बोलकी वाटते. ‘चित्राला आठ, ध्वनीला सात’ म्हणणाऱ्या परीक्षणाला ती कधीच दिसणार नाही.

५

याच्या उलट टोकाला ल्यूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) आहे. येथे खेळणारा राजा नाही, कारकून आहे. आर्स्टॉट्झ्का नावाच्या एका कल्पित राष्ट्राच्या सीमेवर १९८२ सालच्या हिवाळ्यात त्याला नेमले आहे. येणाऱ्याचे पारपत्र तपासायचे, तारीख, शहर, छायाचित्र ताडून पाहायचे आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारायचा. जितकी माणसे बिनचूक तपासाल तितके पैसे. संध्याकाळी त्याच पैशांत घरभाडे, अन्न, उष्णता आणि आजाऱ्याचे औषध भागवायचे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते. पुढच्या प्रत्येक चुकीला दंड.

एक माणूस येतो. त्याची कागदपत्रे ठीक असतात. जाताना तो विनवतो, मागून माझी बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नसतो. शिक्का माझ्या हातात असतो. बहुतेक खेळणारे तिला आत सोडतात, मीही सोडले. पण खेळाचा खरा दंश त्यानंतर आहे. त्या दोन ताकिदी आपण चुकांसाठी नव्हे, दयेसाठी राखून ठेवू लागतो. दिवसाला दोन दया परवडतात. तिसरी आपल्या मुलाच्या औषधातून जाते. मग निवड सुरू होते : ही म्हातारी दयेला पात्र, हा तरुण नव्हे. नोकरशाहीत माणूस निर्दय कसा होतो हे सांगणारे साहित्य पुष्कळ आहे. त्या निर्दयतेचा जमाखर्च आपल्याच हाताने लिहायला लावणे हे केवळ या माध्यमालाच शक्य होते. चित्रे करडी, ओबडधोबड आहेत, आणि तशीच असायला हवीत.

कथाप्रधान खेळांत हात आणि अर्थ यांची फारकत सर्वांत अधिक आढळते. हात लढत असतो आणि गोष्ट मधूनमधून, हात बांधून, चित्रपटासारखी दाखवली जाते. म्हणून ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३) हा स्वीडनमध्ये बनलेला, योसेफ फारेस यांचा छोटा खेळ मला मोलाचा वाटतो. आजारी बापासाठी औषध आणायला दोघे भाऊ निघतात. कंट्रोलरचा डावा अर्धा म्हणजे थोरला, उजवा अर्धा म्हणजे धाकटा. एकाच माणसाने दोन हातांनी दोघांना चालवायचे. आरंभी मनाचा गोंधळ उडतो, दोघे एकमेकांना धडकतात. हळूहळू हात समजूतदार होतात. आई पाण्यात बुडाली आहे, म्हणून धाकट्याला पाण्याची धास्ती. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरतो आणि डावा हात दोघांना पार नेतो.

शेवट सांगितल्याखेरीज या खेळाची समीक्षा होऊ शकत नाही. थोरला वाटेत मरतो. त्यानंतर डाव्या हाताला काही काम उरत नाही. तो कंट्रोलरवर नुसता पडून असतो, आणि ही पोकळी कोणत्याही विलापापेक्षा खोल आहे; कारण ती दिसत नाही, बोटांना जाणवते. औषध घेऊन परतताना धाकट्यापुढे पाणी येते. उजवी कळ दाबून तो हलत नाही. कोणतीही सूचना मिळत नाही. मग केव्हातरी आपले डावे बोट आपसूक थोरल्याची कळ दाबते, आणि धाकटा पाण्यात उतरून पोहू लागतो. गेलेल्याचे बळ मागे राहिलेल्यात कसे उतरते, हे येथे कोणी सांगत नाही, दाखवीतही नाही. ते आपण करतो. हा खेळ आणखी काही बाबतींत सामान्य आहे, त्याची कोडी सोपी आहेत, निवेदन भाबडे आहे. पण या एका कळीसाठी मी त्याला या माध्यमाच्या मोजक्या सिद्धींत धरतो.

६

हेच माप घरच्या वस्तूला लावल्यावाचून राहता येत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ जगापुढे ठेवला. राजी ही डोंबारखेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि दुर्गा व विष्णू तिची कथा आपसांत बोलत राहतात. राजस्थानी वास्तूंच्या वळणाचे सज्जे आणि महाल, भिंतीवरची देवकथांची चित्रे, छायाबाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग, हे सारे प्रेमाने घडवलेले आहे. परक्या चित्रविश्वातच आजवर वावरलेल्या आपल्या खेळणाऱ्यांना यात घरी आल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

परंतु राजी मला काय करायला लावते ? पुष्कळ वेळ ती एका चौकात उभी राहते, चौक बंद होतो, असुर येतात, त्यांना मारले की वाट उघडते. हा नियम आपला नाही. पाश्चात्त्य मारधाडीच्या खेळांत तो वर्षानुवर्षे रुळलेला आहे. त्रिशूळाच्या जागी कुऱ्हाड दिली तरी हाताला फरक कळणार नाही. देवांची सुंदर संभाषणे चालतात तेव्हा हात निराळेच काही करीत असतो. याउलट ती खांबाला गिरकी घेते, भिंतीवर धावत चढते, तेव्हा तिच्या अंगातली डोंबारखेळाची विद्या माझ्या बोटांत येते. फिरती वर्तुळे जुळवून भावाच्या आठवणींचे चित्र पुरे करताना तर भंगलेले जोडण्याची तिची धडपड माझी होते. अशा जागी खेळ स्वतःचा होतो. त्या जागा थोड्या आहेत.

उसनवारी हा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली याच पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे केले, तेव्हा प्रेरणा पारशी रंगभूमीची होती आणि कथा कालिदासाची. पण नटाने स्वतः पद गायचे, या एका गोष्टीने नाटकात काय घडते तेच बदलले आणि एक मराठी नाट्यप्रकार जन्माला आला. ‘राजी’ने कथा आणली, नेपथ्य आणले, पद अजून सापडायचे आहे. केवळ आपल्या मातीतला म्हणून त्याला गुण वाढवून देणे म्हणजे पुण्याच्या या धडाडीच्या मंडळींना कच्चा लिंबू ठरवणे होईल. त्यांची योग्यता त्याहून मोठी आहे.

७

या भूमिकेवर एक आक्षेप येईल : खेळणारा प्रत्येक जण वेगळे करतो, मग समीक्षकाने कोणत्या खेळाविषयी बोलायचे ? आक्षेप खरा आहे, पण जीवघेणा नाही. चीजही प्रत्येक गवई निराळी गातो. म्हणून चिजेची बांधणी चांगली की वाईट हे सांगता येत नाही असे कोणी म्हणत नाही. मी बाईला आत सोडले, तुम्ही परत धाडले असेल. दोघांच्याही हाताखाली जमाखर्चाची वही तीच आहे, आणि समीक्षा त्या वहीची करायची.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. आपली मुले संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या नियमांच्या राज्यात असतात. ते नियम त्यांना कधी संयम शिकवतात, कधी हव्यास. कधी दुसऱ्याच्या जागी उभे करतात, कधी सगळे जग म्हणजे वसवण्याची रिकामी जागा आहे असे मनावर बिंबवतात. ‘खेळू नकोस’ एवढेच ज्याला सांगता येते, त्याला या दोहोंतला भेद मुलाला दाखवता येत नाही. तो दाखवायचा तर आधी आपल्याला दिसला पाहिजे, आणि तो सांगायला शब्द पाहिजेत. डाव, भिडू, राज्य, रडी असे शब्द आपल्यापाशी आहेत. आता ते अंगणातून लेखांत यावेत.